कडक भाकरीचा हिशेब

(सकाळ. स्वयंपाकघराचा कट्टा. स्टीलच्या वाटीत पाणी, पाण्यात कवळी.)

सोलापूरहून परतणाऱ्याच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असतात. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चवड. पापडासारखी पातळ, मोडली की कट्‌ आवाज करणारी.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या या घरात तो आवाज फक्त आक्कांच्या ताटातून येतो. आण्णा भाकरी आमटीत चुरतात, दहा मिनिटं वाट पाहतात, मग खातात. उभा जन्म यंत्रमागावर गेला. तोंडात तंबाखू. दात एकेक करून गेले, आणि सहा वर्षांपूर्वी दोन्ही जबड्यांची कवळी आली.

वरची बरी आहे. टाळू रुंद, त्यामुळे ती चिकटून बसते. भांडण आहे ते खालच्या कवळीशी. तिला बसायला जागा घोड्याच्या नालेसारखी, आणि मधे जीभ सतत ढकलत असते. बोलताना उचलते, शेंगदाण्याचा कण आत गेला की हिरडी सोलते.

कवळी बिघडली, असं आण्णा म्हणतात. कवळी होती तशीच आहे. बदललाय तो जबडा. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, पुढे हळूहळू, पण थांबत नाही. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट. म्हणून कवळी अधूनमधून आतून भरून घ्यावी लागते, आणि पाच-सात वर्षांनी नवीच करावी लागते. हा खर्च पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही.

(टेबलावर तीन कागद. चष्मा.)

आण्णांच्या हातात आता तीन कागद आहेत. पुन्हा कवळी. किंवा खाली दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेले स्क्रू, आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी. किंवा दोन्ही जबड्यांत पक्के, काढता न येणारे दात. तिन्ही कागदांवर रक्कम फक्त आजची. पुढच्या वीस वर्षांची कुठेच नाही.

ती आपणच मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, दरपत्रक म्हणून घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांचे घाला आणि पुन्हा बेरीज करा. महागाई धरलेली नाही.

कवळी पंचवीस हजारांची धरू. वीस वर्षांत तीन वेळा, म्हणजे पंच्याहत्तर हजार. चार वेळा भरून घेणं, एक-दोनदा बेसिनमध्ये पडून तडकणं, त्याचे वीस हजार. झाले ९५,०००. दिवसाला तेरा रुपये. (धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, त्यातले काही वाचतील.)

आता पक्के दात. दोन्ही जबडे मिळून पाच लाख धरू. पण कागदावर लिहिलेलं ‘एकदाच खर्च’ हे वाक्य मला मान्य नाही. स्क्रू आणि त्यावरचे दात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्क्रू टायटॅनियमचा. स्वीडनमध्ये ब्रॅनेमार्क या संशोधकांनी १९६५ साली ज्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, तो ते २००६ मध्ये मरेपर्यंत वापरत होता. वरचे दात मात्र ॲक्रिलिकचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, असले तर झिजतात, तुटतात; बारा-पंधरा वर्षांत ते बदलावे लागतील असं धरूनच चालावं. झिर्कोनिया हे सिरॅमिक जास्त टिकतं, पण पहिलं बिलही जास्त आणि फुटलं तर दुरुस्तीही अवघड. दात बदलण्याचे दीड लाख आणि दरवर्षीच्या तपासणी-सफाईचे तीन-तीन हजार मिळवले की सात लाख दहा हजार. दिवसाला सत्त्याण्णव रुपये. सफाई टाळली तर स्क्रूभोवतीची हिरडी सुजते, हाड खाल्लं जातं आणि स्क्रूच हलतो. तंबाखू आणि आटोक्यात नसलेली साखर हा धोका वाढवतात. बहुतेक आरोग्य विमे यातलं काही देत नाहीत.

मधला कागद आण्णांनी बाजूला ठेवला होता. मला तोच महत्त्वाचा वाटतो. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं, की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय दोन इम्प्लांटवरची कवळी हाच धरावा. वर साधी कवळी, खाली दोन स्क्रू. सुरुवातीला एक लाख पाच हजार धरू. बटणातल्या रिंगा झिजतात, त्या बदलायला वर्षाला दोन हजार. कवळ्या दोनदा नव्या, पन्नास हजार. बेरीज १,९५,०००. दिवसाला सत्तावीस रुपये. आणि स्क्रूभोवतीचं हाड बरंचसं टिकतं, म्हणजे भांडणाचं मूळच कमी होतं.

एक गोष्ट मात्र मागून घ्या: इम्प्लांटचं कार्ड. कंपनी, जाडी, लांबी, लॉट क्रमांक. दहा वर्षांनी डॉक्टर दुसरे असतील, दवाखाना दुसऱ्या पेठेत असेल. सुटा भाग मिळायचा तो या कार्डावरून.

(दवाखाना. आण्णा खुर्चीतून उठताना.)

आण्णांनी एकच प्रश्न विचारला, “साहेब, त्या रिंगा कितीला, आणि किती दिवसांनी बदलायच्या?” डॉक्टरांनी आकडा कागदाच्या मागे लिहून दिला. आण्णांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी आक्कांना सांगितलं, उद्यापासून भाकरी कडकच कर.

“स्क्रू बसायचेत अजून,” आक्का तव्यावरून नजर न हटवता म्हणाल्या. “हाडाला जुळायला तीन महिने सांगितलेत. तोवर चुरा.”