कान्हेरी: बोरिवलीच्या डोंगरातलं दगडी गाव

नमस्कार मंडळी. आधी माझ्या मागे बघा. ते टॉवर दिसतायत ना धुरकट, ती बोरिवली. तिथे आत्ता कुणीतरी तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करत असेल. आणि मी उभी आहे तिथे पायाखाली काळा कातळ, डावीकडे एक खोली, उजवीकडे एक खोली, खालच्या अंगाला पाच-सहा आणि ओढ्यापलीकडच्या उतारावर तर चाळीसारखी ओळच.

डोंगरातलं, जंगलातलं, दगडात कोरलेलं गाव बघायचं म्हणून आपण शुक्रवारी रात्रीच्या बशी पकडतो, रजा टाकतो, घाटात उलट्या करतो. हे गाव वेस्टर्न लाइनवर आहे. कान्हेरी. बौद्ध भिक्षूंचं गाव.

आता तुम्ही म्हणाल, कान्हेरी बघितलीय, शाळेच्या सहलीत. मीही चौथीत आले होते. बाईंनी रांगेत उभं केलं, मोठा बुद्ध दाखवला, "हात लावू नका" म्हणाल्या, आणि झाडाखाली पुरी-भाजी. डब्यातली अर्धी भाजी माकडाने नेली, ते मात्र अजून लक्षात आहे. लेण्यातलं काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण सगळे तीन नंबरच्या लेण्यावरूनच माघारी फिरतो. म्हणजे गावात जायचं, देवळाच्या दारातून नमस्कार करायचा आणि एसटी पकडायची. गाव राहिलंच की बघायचं!

देऊळ म्हटलं तेही आधी बघून घेऊ, नाहीतर कमेंटमध्ये मार पडेल. तीन नंबर म्हणजे इथला मोठा चैत्य, प्रार्थनेचं दालन. 26 मीटरच्या आसपास लांब, 34 खांब, शेवटी स्तूप. दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी काम काढलं. खांब नीट बघा. काहींना खाली घट, वर हत्ती, सगळा साज. आणि काही नुसते अष्टकोनी, सरळसोट. काम अर्धवट राहिलं. पैसा संपला की कारागीर गेले, कुणास ठाऊक. अर्धवट बांधकामाचं आपल्याला काय नवल म्हणा. व्हरांड्यातले दोन उभे बुद्ध सातेक मीटर उंच आहेत, पण ते नंतरचे.

चला, आता वर.

या पायऱ्या बघा. बांधलेल्या नाहीत, डोंगरातच कोरलेल्या आहेत. इथला सगळा दगड ज्वालामुखीचा, साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो फोडत, तासत लोकांनी इथे शंभराहून जास्त लेणी केली. साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे हात घातला आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वावर होता. हजार वर्षं धरा. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव कण्हसेल, कृष्णगिरी. काळा डोंगर. त्याचंच घासून घासून कान्हेरी झालं.

हे एक साधं लेणं घेऊ, नाव नसलेलं, ज्याचा कुणी फोटो काढत नाही. पुढे छोटं अंगण. अंगणाच्या कडेला दगडी बाक. दोन पायऱ्या, मग ओसरी, मग खोली, आणि कोपऱ्यात आतली कोठडी. कोठडीत हा ओटा, झोपायचा. मी आडवी होऊन बघितलं, माझी उंची पाच फूट दोन इंच, मला पुरला. तुम्ही सहा फुटी असाल तर पाय बाहेर. काही ठिकाणी भिंतीत दगडाचीच जाळी कोरलेली खिडकी असते. उन्हाची पट्टी आत येते, वारा येतो. एप्रिलच्या दुपारीही आत गारवा. वन रूम किचनमध्ये किचन वजा करा, बाकी सोय पूर्ण.

आणि आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला ते. कॅमेरा खाली घे रे. हे भोक दिसतंय? अंगणाच्या बाजूला, गुडघ्याएवढं खाली. आत पाणी आहे. ट्रेकवाले याला टाकं म्हणतील, लेणीवाले पोढी म्हणतात. आणि तो शब्द आजचा नाही. इथल्या प्राकृत लेखांत "पानियपोढि" असंच कोरलंय.

विचार करा. मुंबईचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मग आठ महिने थेंब नाही. त्यात भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात फिरायचं नाही, एका जागी राहायचं. गाव तेव्हाच भरायचं. पाणी भरपूर, पण मे महिन्यातही राहायचं तर ते साठवायला नको? म्हणून लेण्यालेण्याला पोढी. वर कातळात बोटभर रुंद चर काढलेत, ते डोंगराचं पाणी दारावरून न पाडता बाजूने फिरवून पोढीत आणतात. आपल्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवायचा ठराव तीन वर्षं मीटिंगमध्ये फिरतोय, ते जाऊ दे.

या पोढ्यांना पैसे कुणी दिले, तर राजानेच असं नाही. एका लेखात कल्याणच्या सोनाराने पोढी दिल्याची नोंद आहे. कल्याणचा सोनार! आजही सापडेल. कल्याण, सोपारा, चौल, ही तेव्हाची बंदरं आणि बाजार. तिथले व्यापारी, कारागीर, त्यांच्या घरच्या बायका, भिक्षुणी, सगळ्यांची नावं भिंतींवर आहेत. कुणी खोली दिली, कुणी पाणी, कुणी कायमची ठेव ठेवली. अक्षयनीवी म्हणतात तिला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. एफडी हो, दुसरं काय.

आणि एका लेखात शेत दान दिलंय, मंगलठाण गावातलं. मंगलठाण म्हणजे आपलं मागाठाणे. मेट्रोत बाई रोज सांगते, "पुढील स्थानक मागाठाणे". त्या मागाठाण्याच्या शेतातलं उत्पन्न इथे वर यायचं. हे मला कळलं त्या दिवसापासून ती अनाउन्समेंट ऐकली की मी एकटीच हसते.

पाण्याचीच अजून एक गंमत. पाच नंबरच्या लेण्यापाशी एक तुटका लेख आहे, संस्कृतात. सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याचं टाकं दिलं, एवढाच विषय. पण त्यात सहज वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो आणि ती महाक्षत्रप "रु..." ची मुलगी होती असं. पुढची अक्षरं फुटली. अभ्यासक म्हणतात, रुद्रदामन. म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप, एकमेकांशी लढणारी दोन घराणी, आणि त्यांची सोयरीक झाल्याचा पुरावा टाक्यावरच्या पाटीत.

पुढचं भराभर. अकरा नंबरला दरबार म्हणतात, आत दोन लांब दगडी बाक आहेत, पंगतीला बसावं तसे. नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले लेखही इथे आहेत. त्यात डागडुजीसाठी, वस्त्रांसाठी, पुस्तकांसाठी पैसे दिल्याचं लिहिलंय. चौतीस नंबरच्या छतावर अर्धवट चित्रं आहेत, मान दुखेपर्यंत बघा. एक्केचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व.

नव्वद नंबर मात्र चुकवू नका, धाप लागली तरी. तिथे अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोन आहेत, एकेका संकटाचे. हत्ती अंगावर येतोय, सिंह, साप, आग, चोर, आणि एक फुटणारं गलबत. सोपाऱ्याहून माल लादून निघालेल्या माणसाच्या पोटात कसला गोळा यायचा, ते इथे दगडात आहे. त्याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत नावं कोरलीत, पारशांची. साल 1009 आणि 1021. बघायला आले आणि नावं लिहून गेले. (त्यांनी लिहिली म्हणून तुम्ही बदामात बाण काढू नका. कायद्याने गुन्हा आहे.)

गावाला मसणवटाही आहे. वरच्या अंगाला ओळीने विटांचे स्तूप, दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या स्मरणार्थ. तिथले लेख डॉ. शोभना गोखल्यांनी वाचले म्हणून ती नावं आपल्याला माहीत. शंभरजण तीन नंबरला येतात, त्यातला एखादा इथवर पोचतो.

जायचं कसं, पटकन. बोरिवली पूर्वेला उतरा किंवा मेट्रोने राष्ट्रीय उद्यान स्टेशन. गेटवर वनखात्याचं तिकीट, आतली बस सहा-सात किलोमीटर वर सोडते, तिथे पुरातत्त्वचं वेगळं तिकीट. सोमवारी बंद. पायऱ्यांखाली पाड्यावरच्या मावश्या काकडी, कैरी, बोरं घेऊन बसतात. वारली, मल्हार कोळी इथले जुने रहिवासी, कारवीच्या कुडाची घरं बांधणारे. घ्या त्यांच्याकडून, पण तिथेच खा. पिशवी हातात दिसली की माकड तुमचं वय, शिक्षण काही बघत नाही. पावसात दगड शेवाळतो, ग्रिपवाले बूट घाला आणि ओढ्यात उतरू नका.

मागच्या जूनमध्ये मी एकटीच आले होते. पहिली सर आली, छत्री उलटी झाली, आणि मी मघाच्या त्या बिननावाच्या लेण्याच्या ओसरीत शिरले. बाकावर बसले. पाच मिनिटं नुसता आवाज. मग वरच्या चरात एक बारीक धार दिसली, मातीने लाल, पाचोळा ढकलत येणारी. वळणावर थांबली, पानांचा बोळा अडकला होता. मी बोटाने काढला. धार सुटली, कडेने फिरली आणि पोढीच्या तोंडातून आत पडायला लागली. आधी टपटप, मग सलग.

खालून गार्डची शिट्टी वाजत होती. पाच वाजले होते, शेवटच्या बसला उशीर होणार होता. मी तरी अजून थोडा वेळ बसले.