कंपोझिट सुरक्षित कधी होतं?

दातात भरायचं पारा मिसळलेलं अमाल्गम वाईट आणि दाताच्या रंगाचं कंपोझिट चांगलं, असं हल्ली सरसकट बोललं जातं. पाऱ्याची काळजी रास्तच आहे. अमाल्गममध्ये वजनाने साधारण निम्मा पारा असतो. २०१३ च्या मिनामाता करारात त्याचा वापर कमी करत नेण्याची तरतूद आहे आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचा अपवाद ठेवून, तो बंदच केला. पण पारा गेला म्हणून आपली, दातांच्या डॉक्टरांची, जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही. म्हणून आज त्याच्या जागी आलेल्या कंपोझिटबद्दल बोलतो.

सिरिंजमधून बाहेर येतं तेव्हा कंपोझिट तयार झालेलंच नसतं. त्यातले मोनोमर, म्हणजे सुटे छोटे रेणू, निळ्या प्रकाशात एकमेकांशी जोडले जातात, तेव्हा ते घट्ट होतं. ही जोडणी पूर्ण कधीच होत नाही. काम नीट केलं तरी पाव ते निम्म्याच्या आसपास दुहेरी बंध, म्हणजे रेणूंच्या जोडणीच्या जागा, न जुळता तसेच राहतात. त्यातले बहुतेक साखळीला धरून असतात, पण जे मोनोमर अगदी सुटे राहिले ते लाळेत झिरपतात, मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणजे रुग्णाच्या तोंडात नेमकं काय राहणार, यातला मोठा भाग कारखान्यात नाही, आपल्या हातात ठरतो.

प्रकाश किती खोल पोचतो, हे आयएसओ ४०४९ मानकात कसं मोजतात बघा. ४ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी साच्यात कंपोझिट भरायचं, एकाच बाजूने प्रकाश द्यायचा, मग साच्यातून काढून खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून टाकायचा. उरलेल्या कडक भागाची उंची मोजायची आणि तिला दोनाने भागायचं. मला हे भागणं फार महत्त्वाचं वाटतं, कारण खरवडताना कडक लागलेला भागही तळाशी अर्धवटच जमलेला असतो.

आणि हा साचा टेबलावर असतो, प्रकाशाचं टोक त्याला चिकटून, सरळ. शेवटच्या दाढेत तसं होत नाही. तोंड पुरेसं उघडत नाही, टोक तिरकं लागतं, खड्ड्याचा तळ दूर राहतो. त्यातच झगमगाट नको म्हणून आपण मान फिरवतो आणि तेवढ्यात हात सरकतो. वरून फिलिंग टणक लागतं, कच्चा थर राहतो तळाशी, दंतमज्जेच्या बाजूला. नारिंगी चष्मा घाला आणि प्रकाश चालू असेपर्यंत टोकावरची नजर हलवू नका. त्या चष्म्याने डोळे वाचतात आणि फिलिंगही.

सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे असिस्टंट. फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या बाँडिंगमधला हेमा हा मोनोमर पातळ लेटेक्स ग्लोव्ह्जमधून काही मिनिटांत आरपार जातो. बोटांची टोकं कोरडी पडतात, भेगा पडतात, आणि दोष साबणाला दिला जातो. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. ग्लोव्ह्जला बाँडिंग लागलं तर ते तिथेच बदला. मुळात बोट लागूच द्यायचं नाही, हीच खरी पद्धत.

हाच हेमा नखांच्या जेलमध्येही सापडतो. तिथे ॲलर्जी जडलेला रुग्ण आपल्या खुर्चीत बसतो आणि त्याला हा संबंध ठाऊक नसतो. औषधांच्या ॲलर्जीबद्दल आपण विचारतोच. त्याच कागदावर नखांच्या जेलचा प्रश्न आजच जोडा.