लाल रेघेचा नकाशा

समोर गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आहेत, विधी महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत आणि मागच्या रांगेत न्यायालयीन कर्मचारीही दिसताहेत. तिघांचाही संबंध येतो अशा एका दाव्यापासून सुरुवात करतो.

शेजाऱ्याच्या बेकायदा बांधकामाविरुद्धचा दावा होता, मी वादीचा वकील. कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करायला न्यायालयानं नेमलेले वकील, जागेवर गेले, टेप लावून मोजमापं घेतली, नकाशा काढला आणि वादातला भाग लाल शाईनं दाखवला. साक्षीपुरावे झाले, निकाल आमच्या बाजूनं लागला. ‘नकाशात लाल रेघेने दर्शविलेले, अ ब क ड या अक्षरांमधील बांधकाम प्रतिवादीने काढून टाकावे.’ या हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालातल्या आदेशाच्या, बजावणीसाठी दरखास्त दाखल केली. बेलिफ, म्हणजे बजावणी करणारा न्यायालयाचा कर्मचारी, निघायच्या वेळी फाईल उघडली, तर कमिशनरचा अहवाल जागेवर होता, नकाशा नव्हता. अहवालाच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं राहिली होती. बेलिफ म्हणाला, “वकीलसाहेब, कोणती भिंत पाडायची ते मला कागदावर दाखवा.” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हुकूमनाम्यातला प्रत्येक शब्द शाबूत होता आणि तरीही त्याची बजावणी होऊ शकत नव्हती.

न्यायालयं बेकायदा बांधकामांबाबत मवाळ असतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मला ती सरसकट पटत नाही. मुंबईतल्या ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीचे वरचे आठ मजले वाचवायला सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नकार दिला. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात परवानगी होती पाच मजल्यांची आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाढीव मजले नियमित करायला नकार दिला. त्या निकालात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९८४ची काम थांबवण्याची नोटीस. एकोणतीस वर्षांनंतरही ती न्यायालयासमोर होती. त्यामुळे ‘आम्हाला कुणी अडवलंच नाही’ असं म्हणायला विकासकाला जागा उरली नाही.

आता रोजच्या कामाकडे वळू. दिवाणी न्यायालयात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज म्हणजे ‘निशाणी ५’, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. महापालिकेची नोटीस आली की बांधकाम करणारा धावत येतो, निशाणी ५ देतो आणि पाडकामाला ‘पुढील तारखेपर्यंत’ मनाई मिळवतो. एकतर्फी मनाई दिली असेल तर तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३९, नियम ३-अ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. अशा वेळी पुढच्या तारखेच्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘पूर्वीचा आदेश कायम’ हे तीन शब्द आहेत का, हे कोण बघतं? ते नसतील तर त्या दिवसापासून मनाई उरली का, हाच वादाचा मुद्दा. पण प्रभाग कार्यालयात तक्रारदाराला उत्तर मिळतं, “कोर्टाचा स्टे आहे.” तुम्ही विचारा, कोणत्या तारखेपर्यंतचा? नक्कल कुठे आहे? मी असे प्रसंग पाहिले आहेत की, रोजनाम्यातल्या एका कोऱ्या ओळीच्या आडोशाला पूर्ण स्लॅब ओतला गेला. त्या ओळीत कुणी मुद्दाम काही केलं असेल असं मी म्हणत नाही. घाईत लिहायचं राहून गेलं असेल. पण स्लॅब ओतायला तेवढं पुरतं.

आणि मुद्दाम केलं तर? जानेवारी २०१९ मधली गोष्ट आहे, बांधकामाची नव्हे, एका उद्योगपतीविरुद्धच्या अवमान याचिकेची. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की, प्रत्यक्ष हजेरीतून सूट दिलेली नाही. संकेतस्थळावर आदेश चढला तेव्हा त्यातला ‘नाही’ गळलेला होता, म्हणजे सूट मिळाली असा अर्थ झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दोन सहायक निबंधकांना बडतर्फ करण्यात आलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हे घडू शकतं, तर तालुक्याच्या न्यायालयात सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्याची काळजी किती घ्यायला हवी! भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये न्यायालयाच्या अभिलेखाची, म्हणजे तिथल्या अधिकृत नोंदी-कागदपत्रांची, बनावट करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नकाशा नुसता हरवतो तेव्हा मात्र बनावट कुणी केली, हे कुणावर सिद्ध करणार?

अभिलेखाला कायदा एवढं वजन देतो त्याला कारण आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, न्यायालयात काय घडलं याबद्दल न्यायाधीशांनी निकालात जे नोंदवलं ते अखेरचं. नोंद चुकीची वाटत असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांकडे जायचं, वरच्या न्यायालयात प्रतिज्ञापत्र करून ती खोडता येत नाही. विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावं. संध्याकाळी रोजनामा वाचा, चूक दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज द्या. महिन्यानं दिलेल्या अर्जाला ती किंमत राहत नाही.

डोंबिवलीच्या पासष्ट इमारतींचं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना जवळचं आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाकडे, सादर झाल्या, त्यांवर नोंदणी क्रमांक मिळाले, तो क्रमांक पाहून लोकांनी घरं घेतली. उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्या इमारती पाडायचे आदेश दिले. खोटा कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात गेला की त्याला खऱ्याचा चेहरा येतो. आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या त्या कुटुंबांचा विचार आला की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. तिथल्या परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नोंदवहीशी एकदा ताडून पाहिला असता तरी हे थांबलं असतं.

मागे बसलेल्या कर्मचारी मित्रांना माझी विनंती आहे. नकाशा दाखल झाला की त्याच दिवशी त्याला स्वतंत्र निशाणी क्रमांक पडू दे, अनुक्रमणिकेत नोंद होऊ दे, स्कॅन होऊ दे. अहवालाला नुसता टाचून ठेवू नका. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, रेकॉर्ड रूममध्ये गळतं, हे मी पाहिलेलं आहे. आणि वकिलांनी निकालाची वाट न बघता नकाशाची प्रमाणित नक्कल लगेच काढून ठेवावी. मी त्या दाव्यात ती काढली नव्हती. ती चूक माझीच.

तो नकाशा अखेर मिळाला. कमिशनर वकील तोवर वारले होते. त्यांच्या मुलानं माळ्यावरची ट्रंक उतरवली, तिच्यात त्यांच्या हातचं ट्रेसिंग होतं, लाल रेघ फिकी गुलाबी झालेली. अभिलेख पुन्हा तयार करण्यासाठी आम्ही अर्ज दिला, प्रतिवादीनं हरकत घेतली, सुनावणी झाली, ट्रेसिंग मान्य झालं. यात सव्वादोन वर्षं गेली. बेलिफ नकाशा घेऊन जागेवर पोचला तेव्हा ‘अ ब क ड’च्या वर आणखी एक मजला चढला होता, आणि त्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती.