नाताळच्या रात्रींचे पहारेकरी

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविक शहरात, दिवसाचा उजेड जेमतेम चार तास टिकतो. उरलेले वीस तास अंधाराचे असतात, आणि त्या देशातला नाताळ समजून घ्यायचा तर या अंधारापासूनच सुरुवात करावी लागते. लाल झग्यातला हसरा म्हातारा तिथे फार उशिरा पोहोचला. त्याच्या आधी शेकडो वर्षे हा सण ग्रीला नावाच्या राक्षशिणीचा होता. तिचे नाव तेराव्या शतकातल्या ग्रंथांत येते, आणि सतराव्या शतकापर्यंत ती नाताळाशी कायमची जोडली गेली. डोंगरातल्या गुहेतून ती खाली उतरते, ऐकत नसलेल्या मुलांना पोत्यात भरते आणि मोठ्या हंड्यात शिजवून खाते, असे तिचे वर्णन आहे. नवरा लेपालुदी आळशी असल्यामुळे संसाराचा सगळा भार तिच्यावरच आहे, हा त्यातला खास घरगुती तपशील.

तिची तेरा मुले १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे गावात येतात. कोणी पळीला लागलेले चाटतो, कोणी टांगलेले मांस पळवतो, कोणी रात्री दारे आपटतो, कोणी खिडकीतून आत डोकावतो. या खोड्या ऐकून हसू येते. परंतु जुन्या काळी या पोरांचा धाक इतका होता, की त्या वेळी आइसलँडवर राज्य करणाऱ्या डेन्मार्कच्या राजसत्तेने १७४६ मध्ये मुलांना अशा भुताखेतांची भीती घालण्यास आईबापांना मनाई केली. हुकूम निघाला, पण ग्रीला गेली नाही. पुढे १९३२ मध्ये योहानेस उर कोत्लुम या कवीने मुलांसाठी लिहिलेल्या कवितांनी तिच्या तेरा मुलांची नावे आणि क्रम पक्के केले. आज ही मंडळी खिडकीत ठेवलेल्या बुटांत लहानसहान भेटी टाकून जातात, आणि खोडकर मुलाच्या बुटात बटाटा.

या कुटुंबाचे मांजर मात्र मला सर्वांत विलक्षण वाटते. नाताळाला ज्याच्या अंगावर नवे वस्त्र नाही, त्याला हे अवाढव्य मांजर खाते. गरिबाला खाणारे मांजर ही कल्पना क्रूर खरी, पण तिच्यामागचे कारण घरकामाचे आहे. शरद ऋतूत मेंढ्यांची कातरलेली लोकर नाताळाच्या आत पिंजून, कातून, विणून संपली पाहिजे, हा शेतघरातला नियम होता. काम वेळेत झाले, तर घरच्यांना आणि गडीमाणसांना नवा कपडा मिळे. कुचराई केली, तर मांजर होतेच. आता त्याच मांजराचा दिव्यांनी लखलखणारा प्रचंड पुतळा दर नाताळात रेक्याविकच्या चौकात उभा राहतो आणि लोक त्याच्यासमोर छायाचित्रे काढून घेतात.

आल्प्स पर्वताच्या परिसरात हेच काम लोककथांतली पेर्ख्टा नावाची बाई करीत असे. नाताळ ते ६ जानेवारी या बारा रात्रींत ती घरोघर फिरून चरख्यावरचे जवसाचे तंतू कातून झाले आहेत की नाही, हे पाहते. नसतील, तर ती आळशी माणसाचे पोट चिरून त्यात गवत आणि दगड भरते. मुकादमाचे काम भुताकडे सोपवण्याची ही रीत दोन दूरच्या प्रदेशांत इतकी सारखी असावी, याचे मूळ मला दोन्हीकडच्या हिवाळ्यात दिसते. शेते बर्फाखाली, माणसे घरात कोंडलेली, आणि हाताशी काम एवढेच, सूत आणि लोकर.

वेल्समधल्या प्रथेत दरडावणी कमी आणि गंमत अधिक आहे. तिथे घोड्याची खरी कवटी काठीवर बसवून, तिला पांढरी चादर आणि रंगीत फिती लावून, जबडा दोरीने उघडझाप करीत मंडळी दारोदार जातात. तिचे नाव मारी लुइड. बाहेरचे गाण्यातून आत येण्याची मागणी करतात, घरातले गाण्यातूनच नकार देतात, आणि आपल्या कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबासारखी ही झुंज आतल्यांना उत्तर सुचेनासे होईपर्यंत चालते. मग कवटीला घरात घेऊन खाऊपिऊ घालावे लागते.

आपल्याकडे वसई, वांद्रे आणि गोव्यात नाताळ रुजला तो पोर्तुगिजांमुळे, आणि त्यांच्याबरोबर बर्फाळ रात्री काही आल्या नाहीत. त्यामुळे इथे मुलांना खाणारे कोणी नाही. फक्त ३१ डिसेंबरला जुने कपडे आणि गवत भरून केलेला ‘ओल्ड मॅन’ मध्यरात्री जाळतात, आणि त्याच्यासाठी पोरे आधीपासून रस्त्यावर वर्गणी मागत असतात.

कारखान्यांच्या युगात या भीतीला काही काम उरले नाही, तेव्हा ती चित्रांत शिरली. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी पहिले व्यापारी नाताळपत्र काढले. हजार प्रती, किंमत एक शिलिंग. त्या चित्रात लहान मुलीला दारू पाजताना दाखवल्यामुळे दारूबंदीवाले खवळले. पुढच्या काही दशकांत तर उताणा पडलेला मेलेला रॉबिन पक्षी, किंवा दुसऱ्या बेडकाला भोसकून पैशांची थैली पळवणारा बेडूक, आणि खाली आनंदी नाताळाच्या शुभेच्छा, अशी पत्रे सर्रास विकली गेली. थंडीत मेलेला पक्षी गरिबांविषयी करुणा जागवण्यासाठी असावा, असे काही अभ्यासक मानतात. बेडकाचे समर्थन कसे करायचे, ते मला सुचत नाही.

ऑस्ट्रियात नाताळपत्रांवरची ही जागा क्राम्पुसने घेतली. शिंगे, लोंबती जीभ, साखळ्या आणि पाठीवर मुले कोंबायची टोपली असलेला हा, मुलांना भेटी वाटणाऱ्या संत निकोलसचा सोबती, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची पोस्टकार्डे लाखांच्या संख्येने घरोघरी गेली. १९३०च्या दशकातल्या हुकूमशाही सरकारने त्याच्यावर बंदी आणली, पण ती टिकली नाही. आज लाकडी मुखवटे आणि लोकरी कातडी पांघरून तरुणांच्या झुंडी गावातून धावतात, बघ्यांच्या पायांवर छड्या मारतात. काही ठिकाणी मद्याच्या नशेत मार जरा जास्तच बसू लागला, म्हणून आता तिथल्या क्राम्पुसांना अंगावर क्रमांकाचा बिल्ला लावावा लागतो, म्हणजे तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची हे कळते.