'वाच' पासून 'जवळ ये' पर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

'त्याची नियतच साफ नाही', असं आपण सहज बोलून जातो. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला, हे ध्यानातही येत नाही. सुन्नी परंपरेत पैगंबर महंमदांच्या वचनांचा सर्वांत विश्वासार्ह संग्रह म्हणजे सहीह बुखारी. त्यातलं पहिलंच वचन या शब्दावर आहे: कर्माचं मोल त्यामागच्या नियतवर ठरतं. ही नियत तोंडाने म्हणावी की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ती मनात असलीच पाहिजे, यावर मात्र मतभेद नाहीत. आज इस्लाममधल्या काही आचारांविषयी बोलायचं आहे, ते या आतल्या बाजूने.

नमाजपासून सुरुवात करतो. नमाज हा शब्द फारसी. कुराणातला शब्द सलात. रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन, आणि सजदा म्हणजे कपाळ जमिनीला टेकणं. दिवसभरातल्या पाच नमाजांत अनिवार्य रकाती १७, आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे. म्हणजे दिवसातून किमान ३४ वेळा कपाळ जमिनीला टेकतं. माणूस ज्या कपाळाला मानाचं ठिकाण समजतो, ते पावलांच्या पातळीवर येतं. आणि त्या क्षणी तो काय म्हणतो, तर 'सुब्हान रब्बियल आला', माझा सर्वोच्च पालनकर्ता पवित्र आहे. स्वतः सगळ्यांत खाली असताना 'सर्वोच्च' हा शब्द! मला तर सगळ्या नमाजचा प्राण या एका जागी दिसतो. उभं राहून, ताठ मानेने हे वाक्य म्हटलं असतं, तर त्यात कुठेतरी आपल्याच उंचीचा अभिमान डोकावला असता.

कुराणाची शहाण्णवावी सूरा, म्हणजे अध्याय, पाहा. पैगंबरांना हिरा गुहेत सर्वांत आधी ज्या ओळी प्रकट झाल्या असं मानतात, त्या या सूरेच्या आरंभी आहेत. तिचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. तिचा शेवट 'वस्जुद वक्तरिब', म्हणजे सजदा कर आणि जवळ ये. वाचण्यापासून निघालेली वाट जवळिकीपाशी पोचते. या 'इक्तरिब'चा धातू क-र-ब, म्हणजे जवळ असणं. आणि आपल्या ओळखीचा कुर्बानी हा शब्दही याच धातूतून आला. आपण त्याचा अर्थ बळी देणं एवढाच धरतो; मुळात तो आहे जवळ नेणारी भेट. बाविसाव्या सूरेत स्पष्टच म्हटलं आहे की त्या जनावरांचं मांस अल्लाहपर्यंत पोचत नाही, रक्तही पोचत नाही. पोचतो तो तुमचा तकवा. तकवा म्हणजे मनाचा जागता पहारा, ईश्वर पाहतो आहे याची सतत जाणीव.

रोजाचं प्रयोजनही कुराण याच शब्दात सांगतं: तुमच्या ठायी तकवा यावा म्हणून. त्याचं अरबी नाव सौम, म्हणजे आवरून धरणं. कुराणात मरियम, म्हणजे येशूची आई, म्हणते, मी सौमचं व्रत घेतलं आहे, आज कुणाही माणसाशी बोलणार नाही. तिथे हा शब्द मौनासाठी आला आहे. म्हणजे आवरायचं ते फक्त पोट नव्हे. बुखारीतच वचन आहे की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला गरज नाही. अकराव्या शतकात इराणमधल्या तूस गावी जन्मलेले धर्मविचारक इमाम गझाली यांनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोटाची. दुसरी डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांची. तिसरी मनाची, तिथे ईश्वराशिवाय दुसऱ्या कशात गुंतणं म्हणजेच रोजा मोडणं. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायलं तर कुणाला कळणार? तरीही माणूस पीत नाही. रोजा असा माणूस आणि ईश्वर या दोघांतच राहतो.

जकात म्हणजे वर्षभर टिकलेल्या बचतीचा चाळिसावा भाग. या शब्दात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. घेणाऱ्यावर तो उपकार नाही. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्कच आहे, असं कुराण म्हणतं.

आता एक छोटी सूरा, फक्त सात आयतींची, म्हणजे ओळींची. तिचं नाव माऊन. ती विचारते, धर्माला खोटं ठरवणारा कोण, पाहिलास का? आपल्याला वाटेल, नास्तिकाचं वर्णन येणार. पण उत्तर येतं: जो अनाथाला ढकलून देतो आणि गरिबाला जेवू घालायला कुणाला प्रवृत्त करत नाही तो. आणि पुढे तर नमाज पढणाऱ्यांनाच धिक्कार आहे. जे आपल्या नमाजबद्दल बेपर्वा असतात, दिखावा करतात आणि माऊन नाकारतात. माऊनचा अर्थ अनेक भाष्यकारांनी रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू असा केला आहे: पातेलं, बादली, कुऱ्हाड. शेजाऱ्याने मागितली आणि दिली नाही. एवढीशी गोष्ट, पण सूरेला नाव तिचं मिळालं. ही सूरा वाचताना मी दर वेळी थबकतो. सजद्यातली ती जवळीक खरी होती का, याची पारख ती दारात उभ्या असलेल्या माणसापाशी नेऊन ठेवते.

म्हणूनच नमाज कशी संपते, हे पाहण्यासारखं आहे. बसल्या जागी मान उजवीकडे वळते, मग डावीकडे, आणि दोन्हीकडे तोच शब्द जातो: अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह. तुमच्यावर शांती असो आणि ईश्वराची कृपा.