गाडी ओलीपासून जपा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना आला की कोथरूड-बाणेरच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. लेक बोस्टनला, मुलगा डॅलसला, आणि आई-बाबा पाच-सहा महिन्यांसाठी निघतात. गॅस, नळ, दुधाचा रतीब हे सगळं तुम्ही न सांगता बंद करता. खाली उभ्या असलेल्या गाडीवर मात्र जाता जाता प्लास्टिकचं कव्हर ओढलं जातं आणि विषय संपतो. नेमका तोच पुण्याचा पावसाळा! थंड मुलखात लोक नोव्हेंबरात गाडी बंद करून ठेवतात, ती बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ चुकवण्यासाठी. आपल्याकडे जपायचं ते ओलीपासून. आज एवढा एकच शब्द लक्षात ठेवा, ओल.

ओल गाडीचं काय करते, ते टल्साच्या गाडीइतकं कुणी दाखवलेलं नाही. टल्सा हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं शहर. १९५७ साली त्या राज्याला ५० वर्षं झाली. शंभरी भरेल तेव्हाच्या लोकांना भेट म्हणून एक कोरी करकरीत गाडी जमिनीत पुरून ठेवायची, असं शहरानं ठरवलं. गाडी प्लायमाउथ बेल्व्हेडिअर, दोन दारांची, सोनेरी-पांढरी, मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उंच पंख. १५ जूनला कोर्टाच्या इमारतीसमोर खड्डा खणून, काँक्रीटची पेटी बांधून गाडी आत उतरवली. अणुबॉम्ब पडला तरी ही पेटी टिकेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पत्र्याला गंजरोधक लेप दिला, वरून वेष्टणं गुंडाळली. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून पेट्रोलचे डबेही सोबत ठेवले. बाईच्या पर्समध्ये सापडावं तसं सामान गाडीत ठेवलं होतं. लिपस्टिक, केसांच्या पिना, आणि पार्किंगच्या दंडाची एक न भरलेली पावती! ई-चलान थकवणाऱ्यांना सांगतो, परदेशी जाण्याआधी भरून टाका. सरकारचा पैसा आहे तो, आणि रस्ते नीट हवेत असं आपणच म्हणत असतो.

असो. एक स्पर्धाही ठेवली होती. २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल? ज्याचा आकडा सर्वांत जवळचा, त्याची ही गाडी. म्हणजे बक्षीस मिळायला पन्नास वर्षं थांबायचं. इकडे चार वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटून निम्मं पुणं पाण्यात गेलं. तिकडे गाडी जमिनीखाली शांत पडून होती, अशी सगळ्यांची समजूत.

जून २००७ मध्ये पेटी उघडली. आत पाणी! अणुबॉम्बला पुरून उरेल म्हणून बांधलेल्या काँक्रीटमधून पाणी झिरपत झिरपत आत साचलं होतं. हजारो माणसांसमोर वेष्टण फाडलं, तर सोनेरी रंगाच्या जागी तांबूस गंज आणि चिखल. सीटचं कापड कुजलेलं, मागच्या स्प्रिंगा बसलेल्या. इंजिन तर चालू होणंच शक्य नव्हतं. ३,८४,७४३ असा अंदाज लिहून जिंकलेला माणूस १९७९ मध्येच वारला होता. खरा आकडा निघाला ३,८२,४५७. गाडी त्याच्या वारसांकडे गेली, पण ती पुन्हा रस्त्यावर धावली नाही.

आता पुढचं नीट ऐका. त्याच खड्ड्यात गाडीशेजारी कागदपत्रांची एक पोलादी टाकी होती, झाळून बंद केलेली. तिच्यातला झेंडा आणि कागद सुस्थितीत निघाले. टाकीत पाण्याला वाटच नव्हती. गाडीला मात्र गुंडाळलेलं होतं, आणि गुंडाळणं म्हणजे हवाबंद करणं नव्हे. गुंडाळलेल्या वस्तूत ओल शिरते, पण बाहेर पडत नाही. तुमच्या प्लास्टिकच्या कव्हरखाली चार महिने हेच चालतं. म्हणून कव्हर कापडीच घ्या, हवा खेळणारं. गाडी धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय ते घालू नका. ओल आत कोंडू नका.

दुसरं, जागा. पुण्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून जाऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, हे तुम्हीच पाहिलंय. उंचावरची, छप्पर असलेली जागा मित्राकडे मागा.

आता भराभर सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी इंजिन ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी साठलेलं असतं. टाकी जवळजवळ पूर्ण भरा. टाकी रिकामी असली की आतल्या हवेतल्या वाफेचं पत्र्यावर पाणी होतं, आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. मग वीसेक किलोमीटर गाडी फिरवा, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी उडून जाईल.

बॅटरीची वायर काढा. आधी वजा, मग अधिक. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना चालतो. बंद गाडीचं घड्याळ, अलार्म वगैरे साधारण ५० मिलिअँपिअर खातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ ची बॅटरी महिन्याभरात रिकामी. उतरलेली बॅटरी तशीच राहिली तर आत सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेत नाही. जमलं तर दीड-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी चार्ज करून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. वॉचमनला किल्ली देऊन "आठवड्यातून पाच मिनिटं चालू करत जा" असं सांगू नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्ट करताना गेलेला चार्ज भरून निघत नाही. फिरवायची तर वीस किलोमीटर फिरवा, नाहीतर हातच लावू नका.

हँडब्रेक ओढू नका; ओलीनं लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि चाकांना पुढून-मागून विटा लावा. टायरमध्ये नेहमी ३२ हवा असेल तर ३८ भरा, मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. नाहीतर टायर एका जागी चपटा होतो.

उंदरांसाठी गाडीतून चिवड्याचा कणही काढा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा बसवा, आणि त्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. विमा चालू ठेवा. संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर नो-क्लेम बोनस जातो.

परत आल्यावर आधी लाल फडकं पाहून बोळा काढा. बॉनेट उघडून वायरी कुरतडल्यात का, ते बघा. मग बॅटरी जोडा, आधी अधिक, मग वजा. पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा आणि रिकाम्या रस्त्यावर दोन-चारदा ब्रेक दाबून पाहा. डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. खरखर आवाज होईल आणि थोड्या वेळात जाईल. नाहीच गेला, तर गाडी थेट गॅरेजला न्या.