टेबलाशी बसलेले गॅरी

(दृश्य: स्टुडिओतलं टेबल. त्यावर जाडजूड मॉनिटर, शेजारी फ्लॉपी ड्राइव्ह.)

'द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या जुन्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा हातात एखादी वस्तू असते. सूत्रसंचालक स्ट्युअर्ट शिफे कुठलं तरी नवं यंत्र दाखवतात, शेजारी बसलेले दाढीवाले गॅरी किल्डॉल त्यावर दोन शब्द बोलतात आणि मग पाहुणे येतात. पाहुण्यांनी नुसत्या गप्पा मारून भागत नाही, आपलं सॉफ्टवेअर तिथेच चालवून दाखवावं लागतं. ड्राइव्ह घरघरतो, पडदा सावकाश भरतो, आणि तोवर भलाभला माणूसही गप्प बसून वाट बघतो. मला या कार्यक्रमात सगळ्यात आवडतं ते हे वाट बघणं. जाहिरातीत ते कापून टाकतात.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचं केसीएसएम हे छोटंसं टीव्ही केंद्र. तिथे १९८१ साली हा कार्यक्रम स्थानिक पातळीवर सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालक होते जिम वॉरन. १९८३ पासून पीबीएस या सार्वजनिक टीव्ही जाळ्यामुळे तो अमेरिकाभर दिसू लागला. पुढे सूत्रं शिफे यांच्याकडेच राहिली, थेट २००२ पर्यंत.

(दृश्य: काळ्या पडद्यावर एकच अक्षर, 'ए', आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.)

पण त्या टेबलाशी किल्डॉल बसलेत, हे कळल्यावर जुने भाग वेगळेच दिसायला लागतात.

१९७४ मध्ये याच माणसाने सीपी/एम लिहिली. ती छोट्या कॉम्प्युटरांची पहिली सर्वदूर चाललेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. प्रत्येक कंपनीचं मशीन निराळं. मग यंत्राशी थेट बोलणारा भाग त्यांनी बाजूला काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. तेवढाच बदलायचा, बाकी सगळं तसंच. तुमच्या कॉम्प्युटरवर 'सी ड्राइव्ह' असतो ना? ड्राइव्हला अक्षरं देण्याची ती रीत डॉस या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमने सीपी/एमकडूनच उचलली. ए आणि बी फ्लॉपीला गेले, हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आला.

१९८० मध्ये आयबीएम या बड्या कॉम्प्युटर कंपनीची माणसं, आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम शोधत, कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हला किल्डॉल यांच्या दारात आली. गुप्ततेच्या करारावर सही करण्यावरूनच गाडं अडलं. त्या दिवशी गॅरी विमान उडवत बसले आणि हातचं घालवलं, ही गोष्ट लोक अजून चवीने सांगतात. विमान होतं खरं, पण ते गेले होते कामाला. शेवटी आयबीएमने मायक्रोसॉफ्टची डॉस घेतली. नंतर सीपी/एमही विकायला ठेवली, पण डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एमची २४०. दुकानात उभं राहिलेलं गिऱ्हाईक काय उचलणार?

आता तेच भाग पुन्हा बघा. समोरचा पाहुणा डॉसवर चालणारं पॅकेज कौतुकाने दाखवतोय आणि किल्डॉल त्याला शांतपणे, मुद्द्याचे प्रश्न विचारताहेत. मधल्या काळात ते स्वतःही थांबले नव्हते: १९८५ मध्ये अख्खा ग्रोलियर ज्ञानकोश एका सीडी-रॉमवर आणण्यामागे त्यांचीच कंपनी होती.

१९९० मध्ये त्यांनी कार्यक्रम सोडला. १९९४ मध्ये, ५२ व्या वर्षी, ते गेले. पुढच्या वर्षी शिफे यांनी एक पूर्ण भाग त्यांच्यासाठी दिला. त्यात किल्डॉल यांच्याबरोबर काम केलेली माणसं बोलतात.

(दृश्य: पुन्हा तेच टेबल.)

हे भाग इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एखादा लावा. पाहुण्याचं मशीन सुरू होत असेल तेव्हा पुढे पळवू नका; कॅमेरा कधीकधी गॅरींकडे वळतो.